साल शाबूत ठेवायची असेल तर: नैसर्गिक कडेच्या वाडग्यासाठी लाकूड निवडणं, कापणं आणि जपणं

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायच्या यंत्रावर, वाडगा कातताना साल निसटली की नवखा माणूस आधी हत्याराला दोष देतो आणि मग गोंदाची बाटली शोधतो. पण बहुतेक वेळा त्या सालीचा निकाल झाड पडलं त्याच दिवशी लागलेला असतो. कोणत्या हंगामात झाड कापलं, ओंडका कसा हाताळला आणि पहिल्या काही तासांत त्याच्या टोकांचं काय केलं, यावर साल राहणार की जाणार हे ठरतं. लेथवरचं कौशल्य त्यानंतर येतं. म्हणून या लेखातला मोठा भाग लेथच्या आधीच्या कामांवर आहे.

ज्यांनी असा वाडगा कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओंडका लांबीच्या दिशेने मधोमध चिरला की दोन अर्धगोल तुकडे मिळतात. साधा वाडगा करताना चिरलेली सपाट बाजू वाडग्याचं तोंड होते. इथे उलटं असतं. तोंड सालीच्या बाजूला आणि तळ ओंडक्याच्या मध्याकडे. त्यामुळे वाडग्याची कड म्हणजे झाडाचा बाहेरचा पृष्ठभागच असतो, सालीसकट. ओंडका गोल असल्याने ही कड सपाट येत नाही, घोड्याच्या खोगिरासारखी दोन बाजूंनी उंच आणि दोन बाजूंनी खाली उतरलेली येते.

झाडाचा हंगाम

साल आणि लाकूड यांच्यामध्ये कँबियम नावाचा अतिशय पातळ जिवंत थर असतो. झाडाची जाडी वाढते ती याच थरातून: आतल्या बाजूला नवं लाकूड, बाहेरच्या बाजूला नवी साल. वाढीच्या दिवसांत या थरात नव्या पेशींच्या बऱ्याच रांगा तयार होतात. त्यांच्या भिंती पातळ असतात आणि त्या पाण्याने टम्म फुगलेल्या असतात. म्हणूनच त्या काळात साल बोटाने ओढली तरी सोलून येते. झाड विश्रांतीत गेलं की रांगा मोजक्या उरतात, पेशींच्या भिंती जाड होतात आणि साल लाकडाला घट्ट धरून राहते.

‘थंडीत रस मुळांत उतरतो, लाकूड कोरडं पडतं, म्हणून साल टिकते’ असं कारण पुष्कळ ठिकाणी सांगितलेलं आढळतं. ते चुकीचं आहे. विश्रांतीच्या काळातही उभ्या झाडात भरपूर पाणी असतं. फरक पडतो तो कँबियमच्या अवस्थेमुळे.

तेव्हा कापायचं कधी? कडक हिवाळा असतो तिथे पानं पूर्ण गळाल्यानंतर आणि कळ्या फुगायला लागण्याच्या बऱ्याच आधी. हिवाळ्याचा मधला काळ सगळ्यात सुरक्षित. कळ्या फुगलेल्या दिसल्या तर उशीर झाला असं समजा, कारण कँबियम जागं व्हायला पानं उघडण्याची वाट पाहत नाही. उष्ण प्रदेशात गोष्ट थोडी अवघड आहे. तिथे पानगळ कोरड्या ऋतूत होते, पण अनेक झाडं पाऊस येण्याआधीच नवी पालवी काढतात. म्हणून कॅलेंडरपेक्षा झाडाकडे बघा. पानं गळून फांद्या उघड्या असतील आणि कोंब हलले नसतील तर ती वेळ चांगली. सदाहरित झाडात नवी पालवी फुटत नसलेला काळ निवडायचा आणि पुढची चाकूची परीक्षा हमखास करायची.

ही परीक्षा सोपी आहे. जे झाड किंवा फांदी कापली जाणारच आहे तिच्या सालीवर धारदार चाकूने लाकडापर्यंत पोचणारा बोटभर रुंदीचा चौकोन कापा आणि चाकूच्या टोकाने एक कोपरा उचलून बघा. चौकोन अख्खा सुटून आला, खाली ओलं, बुळबुळीत आणि चकचकीत लाकूड दिसलं, तर त्या झाडाकडून सालीची अपेक्षा ठेवू नका. साल तुकड्या-तुकड्यांनी तुटली आणि तिचे तंतू लाकडाला चिकटून राहिले, तर काम करण्यासारखं आहे. खोडावर दोन-तीन ठिकाणी बघावं, कारण एका बाजूला झालेली जुनी जखम किंवा बुरशी दुसऱ्या बाजूला कळत नाही.

वादळात पडलेलं झाड मिळालं तर ते केव्हा पडलं हे विचारा. साल ज्या अवस्थेत झाड पडलं त्याच अवस्थेची असते. ऐन वाढीच्या दिवसांत पडलेलं झाड सहा महिने पडून राहिलं म्हणून त्याची साल घट्ट होत नाही. उभं वाळलेलं झाड मात्र मी सरळ सोडून देतो. त्यात बुरशी आणि किडे सगळ्यात आधी सालीखालचा गोड थर खातात, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी साल आतून सुटलेली असते. सालीवर बोटाच्या पेराने ठोका, पोकळ आवाज येईल.

कोणतं झाड आणि त्यातला कोणता तुकडा

पातळ, घट्ट, फारशा भेगा नसलेल्या सालीची झाडं नवख्यांसाठी चांगली. चेरी, मेपल, अॅश ही नावं परदेशी कारागिरांच्या तोंडी सारखी असतात. सालीखालचं बाहेरचं लाकूड, म्हणजे रसकाष्ठ, फिकट आणि आतलं मध्यकाष्ठ गडद असेल तर कडेला सालीची एक काळपट रेघ, तिच्याखाली पांढरा पट्टा आणि मग गडद पोट असे तीन रंग मिळतात. अक्रोड आणि यू (सुईसारख्या पानांचं एक सदाहरित झाड) ही त्याची ठळक उदाहरणं. यूचं लाकूड विषारी आहे, धूळ नाकात जाऊ देऊ नका. बाभळीतही रंगांचा हा फरक छान मिळतो, पण तिची साल जाड आणि खोल भेगांची, त्यामुळे भेगेच्या जागी ती तुटण्याची शक्यता जास्त. निलगिरीच्या अनेक जाती, पेरू, अर्जुन यांसारखी झाडं आपली वरची साल स्वतःच टाकत असतात. त्यांची खपली पडणारच, मग ती घट्ट धरून ठेवण्याचा हट्ट कशाला?

खोडाचा आडवा छेद गोल आणि भेंड, म्हणजे खोडाच्या ऐन मध्यातला मऊ ठिपका, साधारण मध्यावर असलेला तुकडा निवडा. कललेलं खोड आणि आडव्या फांद्या टाळा. अशा लाकडात झाडाने स्वतःला सावरण्यासाठी वेगळ्या प्रकारचं लाकूड तयार केलेलं असतं आणि ते वाळताना वेडंवाकडं ओढतं. छेदात भेंड एका बाजूला सरकलेलं दिसलं की ती त्याचीच खूण. फांदी जिथून फुटली तिथली गाठ कडेवर आली तर साल तिथेच सुटते; पोटात आली तर चालते, कधी सुंदरही दिसते.

पाडणं आणि उचलणं

झाड कोणाच्या जागेत आहे त्याची परवानगी आणि झाडतोडीचे तिथले नियम आधी. चेनसॉ कधी चालवला नसेल तर या कामासाठी शिकायला बसू नका. झाड पाडणाऱ्या माणसाकडून पाडून घ्या आणि तुम्हाला हवे ते तुकडे त्याच्याकडून मागून घ्या. चालवत असाल तर हेल्मेट, जाळी किंवा चष्मा, कानाला संरक्षण, मांड्यांवर चेनसॉपासून वाचवणारी पँट, आणि सोबत दुसरं माणूस. वादळाने पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणाखाली वाकलेल्या असतात. कापताक्षणी त्या उसळतात, आणि त्या कामात अनुभवी माणसंही जखमी होतात.

पाडणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगायची: तुम्हाला साल हवी आहे. बहुतेकांना ते ऐकून नवल वाटतं, कारण त्यांच्या लेखी साल म्हणजे कचरा. ओंडका उंचावरून सोडू नये, दगडावर लोळवू नये, साखळी बांधून ओढू नये. साखळीच्या कड्या सालीत रुततात आणि आतल्या आत ती लाकडापासून सुटते. वरून काही दिसत नाही, लेथवर मात्र नेमकी तेवढीच खपली उडते. रुंद कापडी पट्टा वापरा. लोखंडी आकडा लावायचाच असेल तर ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला लावा. गाडीत ओंडके एकमेकांवर घासणार नाहीत असे पोती किंवा जुनी चादर मध्ये घालून ठेवा.

सालीसकट लाकूड दूर नेऊ नये हेही इथेच सांगतो. सालीखाली किडे आणि त्यांची अंडी प्रवास करतात. अमेरिकेत अॅशच्या झाडांचा फडशा पाडणारा हिरवा भुंगा जळाऊ लाकडाबरोबरच गावोगाव पोचला. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या लाकडी खोक्यांसाठी असलेल्या आयएसपीएम १५ या नियमात साल काढलेलं लाकूड मागतात ते याच भीतीने.

लांबी आणि टोकं

लाकूड आपलं पाणी टोकांतून सगळ्यात वेगाने सोडतं. त्यामुळे टोकं आधी आकसतात आणि तडकतात. ही चीर काही तासांतही दिसू लागते, उन्हात तर त्याहून लवकर. म्हणून शक्य तितका लांब ओंडका घ्या आणि तुकडे लेथवर चढवायच्या वेळी पाडा. लांब ओंडक्याची दोनच टोकं वाया जातात. तेच पाच तुकडे करून ठेवले तर दहा. जागेअभावी आधीच तुकडे करावे लागले तर वाडग्याच्या व्यासापेक्षा दोन्ही बाजूंना ५ ते ८ सेंटिमीटर जास्त लांबी ठेवा. २४ सेंटिमीटरच्या वाडग्याला ३४ ते ४० सेंटिमीटरचा तुकडा.

कापल्याबरोबर टोकांना मेण लावायचं, घरी नेऊन नव्हे. पाण्यात मिसळलेलं, रंगासारखं ब्रशने लावायचं मेण यासाठी मिळतं. ते नसेल तर वितळवलेलं पॅराफिन किंवा भिंतीचा उरलेला रंग दोन-तीन जाड थरांत. रंग मेणाइतका चांगला रोखत नाही, पण काहीच न लावण्यापेक्षा पुष्कळ बरा. फांद्या कापल्याच्या जागा आणि साल खरवडल्याच्या जागाही झाका. साल स्वतः मात्र मोकळी ठेवा. तिच्यावर मेण लावलं तर ओल कोंडते आणि बुरशी धरते.

टोकावर कापल्याची तारीख, झाडाचं नाव आणि चाकूच्या परीक्षेचा निकाल खडूने लिहून ठेवा.

चिरण्याआधी थोडं गणित

नवखे बहुतेक याच ठिकाणी अडखळतात. कडेचा चढउतार किती येणार हे ओंडका आणि वाडगा यांच्या व्यासावर अवलंबून असतं, आणि ते आधी काढता येतं. ओंडक्याची त्रिज्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यातून वाडग्याच्या त्रिज्येचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ काढा. ही कडेच्या सखल जागेची उंची, ओंडक्याच्या मध्यापासून मोजलेली. ओंडक्याच्या त्रिज्येतून ती वजा केली की चढउतार मिळतो.

३० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्यात २४ सेंटिमीटरचा वाडगा घ्या. १५ चा वर्ग २२५, १२ चा वर्ग १४४, फरक ८१, वर्गमूळ ९. म्हणजे उंच जागा १५ वर आणि सखल जागा ९ वर. चढउतार ६ सेंटिमीटरचा. हाच वाडगा ४० सेंटिमीटरच्या ओंडक्यातून काढला तर सखल जागा १६ वर येते आणि चढउतार ४ सेंटिमीटर राहतो. ५० च्या ओंडक्यात तो जेमतेम ३ सेंटिमीटर. लहान ओंडक्यात कड नाट्यमय होते, मोठ्यात ती जवळजवळ सपाट वाटते.

आता यातून तळाची जाडी वजा करा. भेंडाजवळचं लाकूड वाळताना हमखास तडकतं, म्हणून मध्यापासून १ ते २ सेंटिमीटर काढून टाकायचंच. पहिल्या उदाहरणात दीड सेंटिमीटर काढलं तर सखल जागी साडेसात सेंटिमीटर उरतात, आणि त्यातून चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायचा खुंट व तळ निघायचा आहे. वाडगा २८ सेंटिमीटरचा करायचा मोह झाला तर सखल जागा साधारण साडेपाचवर येते. भेंड काढल्यावर चार उरतात. तो वाडगा राहत नाही, दोन शिंगांची थाळी होते. पहिल्या वाडग्यासाठी वाडग्याचा व्यास ओंडक्याच्या व्यासाच्या पाऊणपट ते चारपंचमांशच्या आत ठेवा.

चिरणं आणि गोल तुकडा काढणं

दोन्ही टोकांवर भेंडातून जाणारी रेघ मारा. कुठल्या दिशेने मारायची ते ठरवायला वेळ घ्या. भेंडातून आधीच एखादी चीर निघाली असेल तर रेघ त्या चिरेवरूनच न्या, म्हणजे ती चीर वाया जाणाऱ्या लाकडात जाते. मग ओंडका फिरवून बघा की वरच्या अर्ध्या भागावर साल कुठे सगळ्यात चांगली आहे आणि गाठी कुठे येतात. उंच जागा ओंडक्याच्या लांबीच्या दिशेने येतात आणि सखल जागा दोन्ही कुशींवर. सालीवर दोन टोकांच्या मध्यबिंदूंना जोडणारी खडूची सरळ रेघ काढून ठेवली तर पुढचं सगळं मोजमाप सोपं जातं.

ओंडका आडवा, घोडीवर किंवा खाचा केलेल्या दोन फळ्यांत पक्का बसवून, दोन्ही बाजूंनी पाचर मारून चिरा. तंतूंच्या दिशेने चिरताना चेनसॉमधून भुशाऐवजी लांबलचक तंतू निघतात आणि साखळीच्या झाकणात अडकतात. मधूनमधून इंजिन बंद करून ते काढावे लागतात. ओंडका उभा ठेवून टोकातून चिरायला जाल तर काम फार हळू होतं.

गोल तुकडा बँडसॉवर काढायचा असेल तर प्लायवुडची हव्या त्या व्यासाची चकती घ्या, तिचा मध्य खडूच्या रेघेवर ठेवून सालीवर एकाच स्क्रूने टेकवा. तुकड्याची सपाट बाजू टेबलावर, साल वर. त्यामुळे तुकडा डुगडुगत नाही, आणि पात्याचे दात वरून खाली येत असल्याने ते सालीला लाकडावर दाबतात. अर्धगोल बाजू खाली ठेवून कापायचा प्रयत्न कधीही करू नका, तुकडा पातं पकडून उलटतो. बँडसॉ नसेल तर चेनसॉने कोपरे कापून आठकोनी तुकडा पुरतो.

लगेच कातता येत नसेल तर

सर्वात चांगला उपाय म्हणजे न थांबणं. अगदी योग्य हंगामात कापलेलं झाडही महिनोन्‌महिने पडून राहिलं की साल आणि लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि त्यांच्यातला जोड सैल होतो. थांबावंच लागलं तर ओंडका अख्खा ठेवा, सावलीत, जमिनीपासून वर, दोन लाकडांवर आडवा. वारा खेळता असावा पण थेट झोत नको. चिरलेला गोल तुकडा एकदोन दिवसांपुरता प्लास्टिकच्या पिशवीत चालतो. त्याहून जास्त ठेवला तर बुरशी येते आणि फिकट रसकाष्ठावर निळसर काळे डाग पडतात. हिवाळ्यात कापलेला ओंडका वसंतापर्यंत राहिला आणि त्याला कोंब फुटू लागले, तर आतला जीव जागा झालाय हे ओळखा आणि कातण्याआधी पुन्हा चाकूने बघा. सालीतून पिठासारखी बारीक पूड गळताना दिसली तर किडे आहेत. तो तुकडा बाकीच्यांपासून लगेच बाजूला काढा.

लेथवर, सालीपुरतं

सालीवरची माती कोरड्या कडक ब्रशने झाडा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका, भेगांतून पाणी शिरून साल उचलली जाते. मध्यभागी सालीत भोक पाडून तुकडा फिरवणाऱ्या सेंटरचे दाते घट्ट लाकडात बसवा. साल दबते, तिच्यावर टेकवलेला तुकडा फिरताना सैल होऊन उडू शकतो. टेलस्टॉकचं, म्हणजे समोरच्या बाजूने तुकड्याला दाबून धरणाऱ्या आधाराचं, टोक थोडं इकडे-तिकडे सरकवून दोन उंच जागा एका पातळीत आणि दोन सखल जागा एका पातळीत आणा. यात घालवलेली पाच मिनिटं सगळ्या आकाराला पुरतात.

साध्या वाडग्याची बाहेरची बाजू तळाकडून कडेकडे कातली जाते. इथे कडेजवळ ती दिशा उलटी करा: आधी साल, मग लाकूड. हत्यार लाकडातून सालीकडे बाहेर निघालं की सालीमागे आधार उरत नाही आणि तिची खपली उडते. धार नुकतीच लावलेली हवी, काप हलके हवेत. चेहऱ्यावर पूर्ण ढाल लावा, आणि तुकडा फिरत असताना कधीही त्याच्या रेषेत उभं राहू नका. फिरती कड दिसत नाही, फक्त धूसर सावली दिसते. त्या सावलीत बोट जाता कामा नये. कडेचं घासकाम लेथ बंद करून हातानेच करा.

आतून कोरताना कड आधी पूर्ण करा, शेवटच्या जाडीपर्यंत. मग दोनतीन सेंटिमीटर खाली, मग आणखी खाली. ओलं लाकूड कातता कातताच हलतं, आणि तळ झाल्यावर पुन्हा कडेवर हत्यार टेकवलं तर ते आपटतं. जाडी सगळीकडे सारखी, ५ ते ८ मिलिमीटरच्या दरम्यान. तळ जाड राहिला तर पातळ भाग आधी वाळतो आणि तिथे तडा जातो.

पातळ सुपरग्लूचा उपयोग इथे आहे, पण आधाराला. कडेची बाहेरची बाजू कातून झाली की आधी सँडिंग सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रवाचा) हात मारा, नाहीतर ग्लूचे डाग रसकाष्ठात कायमचे उतरतात. मग लेथ थांबवून साल आणि लाकूड यांच्या जोडावर ग्लू मुरवा. खिडकी उघडी हवी. वाफ डोळ्यांना झोंबते. एखादा तुकडा सुटून पडला आणि सापडला तर त्याच जागी चिकटवा. अर्धीअधिक साल सुटली असेल तर उरलेलीही काढून टाका. सालीखालचा पृष्ठभाग नितळ, किंचित लहरी असतो आणि तशी कडही देखणी दिसते. तुटक साल मात्र कायम तुटलेलीच दिसते.

वाळवताना वाडगा कागदी पिशवीत, तोंड दुमडून, थंड जागी ठेवा. दर काही दिवसांनी वजन करून पिशवीवर लिहा. वजन उतरायचं थांबलं की तो वाळला. तोवर तो थोडा लंबगोल झालेला असेल, कारण लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते मध्यापासून बाहेर जाणाऱ्या दिशेने आकसतं, आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. कड मुळातच वर-खाली असल्याने हा बदल साध्या वाडग्यापेक्षा इथे कमी खुपतो. तळ सपाट करून खुंट काढायचं काम आता, वाळल्यावर करायचं. तेलही आताच, आणि सालीवर अगदी पातळ हात. भेगांत साचलेलं तेल फार काळ चिकट राहतं.